फुगलेले नट : चाकाचे सोळा नट घरी बदलले, त्याच्या नोंदी

गाडी २०१४ची, पेट्रोल हॅचबॅक. एका चाकाला चार नट, पुढे डिस्क, मागे ड्रम. चारही रिम अलॉयच्या, स्टेपनी मात्र लोखंडी. ही स्टेपनीची गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, तिने माझे दीड हजार रुपये पाण्यात घातले. मुक्काम रत्नागिरी. काम घरासमोरच्या पत्र्याखाली, तेही ऐन पावसात. मी गणिताचा मास्तर आहे, मेकॅनिक नाही. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. वरून पत्र्याची टोपी चढवलेले असे नट अनेकांनी दिलेत.

२३ जून २०२४, रविवार

कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरलो आणि साखरप्याच्या अलीकडे मागचं डावं चाक पंक्चर झालं. चौपदरीकरणाचं काम चालू, रस्त्याला कड अशी नाहीच, सगळा लाल चिखल. जॅक लावायच्या आधी नट ढिले करून घ्यायचे एवढं माहीत होतं. गाडीबरोबर आलेला १९ नंबरचा पाना नटावर ठेवला, तर तो बसेचना. मला वाटलं चिखल असेल. पुसला. तरी नाही. चारांपैकी एका नटावर कसाबसा गेला, बाकी तिघांवर नुसता टेकायचा.

बायको छत्री धरून उभी. "अहो, पाना दुसऱ्या गाडीचा तर नाही ना?" पाना गाडी घेतल्यापासून स्टेपनीखालीच पडलाय, आणि दहा वर्षांत मी तो एकदाही वापरला नव्हता. चाक काढायचं काम कायम टायरवाल्याने नट फिरवायच्या गनने केलेलं.

पाऊण तासाने एक टेम्पो थांबला. क्लीनर पोरगा विशीतला. त्याने २० नंबरची गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, लावून बघितली, ती सैल. मग त्याने कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा कापून नटाभोवती गुंडाळला, वरून गोटी हातोडीने ठोकली आणि टॉमीला, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याला, पाइप लावला. दोन नट तसे निघाले. तिसऱ्याला पत्र्याची टोपीच गोटीत अडकून बाहेर आली आणि आतला गंजका नट जागेवर राहिला. त्यावर १८ची गोटी थोडी हलत का होईना, पण बसली. "काका, हे नट फुगलेत. बदलून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी छिन्नीच लागेल." पैसे घेतले नाहीत त्याने. साखरप्याला चहा घेतला फक्त.

पंधरा मिनिटांच्या कामाला दोन तास दहा मिनिटं.

२५ जून

शाळेच्या लॅबमधून व्हर्नियर आणला. सोळाही नट समोरासमोरच्या कडांवर मोजले. १९च्या आसपास, म्हणजे पाना जाईल असे पाच. १९.४ ते १९.७ मधले दहा. एकाची टोपी गेलेली, त्याचा आतला गाभा १७.६.

टोपी गेलेला नट एका ओळखीच्याकडून ग्राइंडरने उभा कापून घेतला. (पंक्चर काढून अलॉय परत लावली, त्या जागी टायरवाल्याने त्याच्याकडचा एक जुना नट दिला.) कापल्यावर कळतं काय भानगड आहे. आत साधा लोखंडी नट, आरपार आटे असलेला. त्याच्यावर चकचकीत पातळ पत्र्याची टोपी दाबून बसवलेली. दोघांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं, लोखंड गंजतं, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि टोपी आतून ढकलली जाते. वरून बघाल तर नट नव्यासारखा चमकतो. आमच्याकडे समुद्राची हवा, वर्षाचे चार महिने चाकं ओली. त्यात दर वेळी गनचा मार बसून टोपीचे कोपरे गोल झालेले. माझ्या कापलेल्या नटात कोपऱ्यापाशी गंजाचा थर नखाएवढा जाड होता.

सर्व्हिस सेंटरला विचारलं. नट मिळतील, एकाचे २६५ रुपये, आणि ते याच जातीचे, टोपीवाले. म्हणजे सव्वाचार हजार देऊन आणखी काही वर्षांनी पुन्हा हीच रड. एकसंध, म्हणजे एकाच तुकड्यातून घडवलेले नट आणायचे आणि स्वतः बसवायचे असं ठरलं. गणपतीच्या आत, कारण तेव्हा मुंबईचा गोतावळा येतो आणि गाडीला दम नसतो.

२९ जून, शनिवार

पहिली चूक. स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "बाराचे व्हील नट द्या, एकसंध" एवढंच म्हणालो. जुना नट बरोबर नेला नव्हता. दुकानदाराने सोळा नट काढून दिले, ७० रुपयाला एक, ११२० झाले.

घरी येऊन पुढच्या उजव्या चाकाचा एक बरा नट काढला आणि नवा लावला. हाताने दोन वेढे गेला आणि अडला. मला वाटलं, स्टडवर, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आटेदार दांड्यावर, गंज आहे. पाना लावून अर्धा वेढा आणखी रेटला. मग करकर आवाज आला तेव्हा अक्कल आली. उलटा फिरवून काढला तर नटातून चांदीसारखा बारीक चुरा पडला आणि स्टडचे पहिले दोन आटे आडवे झालेले.

३० जून

नटाला "बाराचा" म्हणणं म्हणजे माणसाला "पाटील" म्हणून हाक मारण्यासारखं आहे, दहा जण वळून बघतील. बारा ही स्टडची जाडी. त्याच्यापुढे आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, लागतं. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १२ × १.२५ लागतो, म्हणून न सांगता मागितला की तोच मिळायची शक्यता जास्त. होंडा, टोयोटा, ह्युंदाई यांच्या नेहमीच्या गाड्यांना १२ × १.५. माझ्याही गाडीला १.५च. फोक्सवॅगन, स्कोडावाल्यांना यातलं काहीच नाही, त्यांच्याकडे नटच नसतात, बोल्ट असतात.

गेज नसेल तर स्टडला पट्टी लावून १५ मिलिमीटरमध्ये किती आटे बसतात ते मोजा. दहा आले तर १.५, बारा आले तर १.२५. आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर फोटो काढून, मोठा करून मोजले. दहा. "बाबा, हे काल मोजायला काय झालं होतं?" सातवीत आहे.

दुकानदाराने पंधरा नट परत घेतले, खराब केलेला सोळावा माझ्या माथी. बिघडलेल्या स्टडसाठी आटे पाडायची १२ × १.५ची डाय आणि तिचं हँडल आणलं, ३८० रुपये. डाय सरळ धरणं हेच खरं काम आहे. स्टडला तेल लावायचं, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, पुन्हा अर्धा पुढे. पहिले दोन आटे थोडे झिजलेच, पण पुढचे वीस शाबूत. यानंतर स्वतःला नियम घालून घेतला: नवा नट निदान सहा वेढे बोटांनी जायला हवा, त्याआधी पान्याला हात लावायचा नाही.

७ जुलै

यावेळी जुना नट खिशात घालून गेलो. १२ × १.५, १९चा हेक्स (पाना बसतो तो सहा कोनी भाग), एकसंध, पुढून बंद, क्रोम केलेले, सोळा नग. ९० रुपयाला एक, १४४० झाले.

नटाची बैठक, म्हणजे जो भाग रिमला चिकटतो तो, तीन प्रकारची मिळते. सरळ उताराची शंकूसारखी, चेंडूसारखी गोल, आणि सपाट वॉशरवाली. होंडाच्या कंपनीच्या रिमना गोल लागते. माझ्या रिमला शंकू. डोळ्यांना फरक पटकन कळत नाही, म्हणून नटाच्या बैठकीला निळं स्केचपेन फासलं, हाताने घट्ट केला, थोडा फिरवला आणि काढून बघितला. रिमच्या भोकात पूर्ण गोल निळा पट्टा उमटला म्हणजे जुळलं. गोल बैठकीचा नट शंकूत लावलात तर नुसती बारीक रेघ उमटेल. तेवढ्याशा रेघेवर अख्खं चाक धरून ठेवायचं, मग नट ढिला होणार नाही तर काय होणार!

बाकी सामान: १८, १९, २० नंबरच्या लांब गोट्या, सहा कोनी (बारा कोनी आणू नका, गोल झालेल्या नटावर त्या घसरतात), ५७० रुपये. अर्धा इंची टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंत कसलं की टक्क म्हणणारा पाना, २८ ते २१० न्यूटन मीटरचा, २६५० रुपये. "एवढ्याशा नटांना एवढा महाग पाना?" असा प्रश्न घरात आला. गाडीच्या पुस्तकात माझ्या चाकांना ११० न्यूटन मीटर दिलंय. मी ७० किलोचा. फूटभर पान्याच्या टोकावर मी उभा राहिलो तर २०० च्या वर जातं. टायरवाला मीटरभर पाइप घालून त्यावर भार टाकतो तेव्हा किती जात असेल हे तुम्हीच काढा. घाटातल्या त्या नटांना नुसता गंज नव्हता, असल्या कसण्याचा इतिहासही होता. फळ्यावर गणित मांडून दाखवल्यावर मंजुरी मिळाली. (तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकातून घ्या, माझा नको.)

१४ जुलै, रविवार

नट खोलायचा दिवस. पाच बरे नट पाच मिनिटांत सुटले. टायरवाल्याने दिलेलाही. दहा फुगलेल्यांना चार तास.

जे चाललं ते असं. गाडी जमिनीवर, पहिला गिअर, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकांना दगड. २० ची गोटी सैल बसते म्हणून क्लीनरचा पत्र्याचा उपाय केला. सहा नट त्यानेच निघाले. पत्रा दोन पदरी लागतो, एका पदराचा फाटतो. जे अगदी १९.४ वर होते, त्यांच्यावर १९ची गोटीच हातोडीने ठोकून बसवली. ती बसते, नट निघतोही, पण मग नट गोटीतून निघत नाही. गोटी उलटी धरून आतून जुन्या बोल्टने ठोकत बसावं लागतं.

जे नाही चाललं: गंज सोडवायचं तेल. रात्रभर मारून ठेवलं होतं. पण टोपी पुढून बंद, तेल आत जाणार कुठून? ते सगळं रिमवर ओघळून खाली टाइल्सवर डाग पडले. त्या डागांचा विषय अजून घरात निघतो.

मग दोन उरले, मागच्या उजव्या चाकाचे. एकाची टोपी छिन्नीने फाडली आणि १८ची गोटी लावली. सुटला. छिन्नी एकदा घसरली आणि अलॉयवर बोटभर ओरखडा उमटला, तो कायमचा. छिन्नी मारायची तर रिमवर जुना टायरचा तुकडा धरा.

दुसऱ्याचं वेगळंच. घट्ट नट सुटताना टक्कन आवाज येतो आणि हात मोकळा होतो, तो आवाज एव्हाना ओळखीचा झाला होता. हा नट मात्र आवाज न करता फिरायला लागला, लोण्यात सुरी जावी तसा. मी खूश. पाव वेढा, अर्धा वेढा, तेवढाच जोर लागतोय, कमी होत नाहीये. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, कठड्यावर चहा पीत बघत होते. "थांब, थांब, तो सुटत नाहीये, पिळतोय!" त्यांचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत नट स्टडच्या तुकड्यासकट माझ्या हातात.

२० आणि २१ जुलै

तुटलेला स्टड बदलायचा म्हणजे ड्रम काढायचा. एका स्टडवाचून गाडी चालवता येते असं सांगणारे दोन जण भेटले. चार नटांच्या चाकाचा एक गेला म्हणजे चौथा हिस्सा गेला. गाडी आठवडाभर उभीच ठेवली, शाळेत स्कूटरने गेलो.

जॅकवर नुसती गाडी सोडून खाली हात घालायचा नाही. काकांनी वर्कशॉपच्या दिवसांतला जड लोखंडी स्टँड दिला. मग ड्रमवर हातोडी मारायला लागलो. डावीकडून, उजवीकडून, लाकडी ठोकळा ठेवून. ड्रम हलेना. चाळीस मिनिटांनी चिरंजीव गाडीत बसायला गेले आणि म्हणाले, "बाबा, हँडब्रेक वर आहे." आतले ब्रेक शू ड्रमला धरून बसलेले आणि मी बाहेरून घण घालतोय. हँडब्रेक सोडला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले.

तरी गंजाने धरलेला होताच. तिथे काकांनी ड्रमवरची दोन रिकामी भोकं दाखवली, आटे पाडलेली. मला ती कशाला आहेत हे कधी कळलं नव्हतं. आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट त्यात घालून आळीपाळीने पाव-पाव वेढा कसत गेलो, आणि ड्रम आपणहून पुढे आला. ज्यांच्या ड्रमला ही भोकं आहेत त्यांनी हातोडी घ्यायचीच नाही. आतली काळी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

स्टडचा उरलेला बुडखा पुढून ठोकून मागे पाडला. हब, म्हणजे स्टड ज्यात बसवलेले असतात तो चाकामागचा गोल भाग, फिरवून असा कोन शोधावा लागतो की मागे स्टडचं डोकं निघायला जागा मिळेल. माझ्याकडे ती एकाच ठिकाणी मिळाली, एका शूची स्प्रिंग सोडल्यावर. नवा स्टड १२० रुपये. शहाणपण करून दोन आणले होते.

स्टडच्या मानेला उभ्या खाचा असतात, त्या हबच्या भोकात रुतून बसायला हव्यात. ठोकून बसवला तर वाकडा जातो. काकांची रीत: पुढून स्टडवर सात-आठ वॉशर, प्रत्येकाला ग्रीस, वर एक जुना उघडा, म्हणजे आरपार आट्यांचा, नट उलटा लावायचा, सपाट बाजू वॉशरवर. मग हळूहळू कसत जायचं म्हणजे नट स्टडला खेचून आत घेतो. "नवा नट यासाठी वापरायचा नाही. जो मरायचाय तोच घालायचा." स्टडचं डोकं मागून हबला पूर्ण टेकलं का ते बोटाने चाचपलं. दिसत नाही, पण फट असेल तर बोटाला कळते.

दोन दिवस, मिळून सात तास. त्यातली चाळीस मिनिटं हँडब्रेकची.

२८ जुलै

बसवणी. ही सगळ्यात सरळ गेली, म्हणून थोडक्यात. हबचा आणि रिमचा आतला चेहरा वायर ब्रशने घासला. तिथे गंजाची पापडी राहिली तर पुढे ती दबते आणि नट ढिला पडतो. स्टड पुसून कोरडे केले. तेल किंवा ग्रीस लावायचा मोह झाला होता, पुन्हा गंजायला नको म्हणून. काकांनी हात धरला. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा असतो; तेल लावून त्याच आकड्याला कसलं तर स्टड जास्त ताणला जातो.

सगळे नट बोटांनी, मग समोरासमोर क्रमाने ५० वर, मग गाडी खाली उतरवून ११० वर. रेंच टक्क म्हणाला की थांबायचं, दुसऱ्यांदा टक्क ऐकायची हौस नको. काम झाल्यावर रेंचचा आकडा सगळ्यात खाली आणून डबीत ठेवला.

सोळा नट, एकसारखे, १९चा पाना सगळ्यांवर अलगद. फोटो काढून मेव्हण्याला पाठवला.

४ ऑगस्ट

हा प्रयोग केला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं, पण करायलाच हवा होता. ज्या कारणासाठी सगळं केलं ते पंक्चर. म्हणून गाडीतलाच पाना आणि जॅक घेऊन स्टेपनी लावून बघितली, मागच्या डाव्या बाजूला. नट बोटांनी गेले. पान्याने कसले. खाली उतरवून टॉर्क रेंच लावला, टक्क, टक्क, टक्क, टक्क. चारही.

उठताना आधारासाठी टायरवर हात टेकला. आतून 'खट्' आवाज आला.

पुन्हा हलवलं. खट्. चारही नट ११० ला कसलेले, आणि रिम मात्र सैल, पिंजऱ्यातल्या फळीसारखी हलतेय.

पाच मिनिटं मी नुसता बघत बसलो. रेंच बिघडला असं वाटलं. मग एक नट काढला आणि आत टॉर्च मारला. नटाच्या आत, बंद टोकाला, स्टडच्या टोकाचा गोल ठसा. स्टड नटाच्या बुडाला जाऊन टेकला होता. रेंचला काय, अडलं की टक्क म्हणायचं. नट रिमला दाबतोय की स्वतःच्याच बुडाला, हे त्याला कळत नाही.

अलॉय जाड, लोखंडी रिम पातळ. पातळ रिममधून स्टड जास्त बाहेर येतो. कंपनीचा टोपीवाला नट आरपार आट्यांचा होता आणि पुढे पोकळ टोपी, म्हणून त्याला ही अडचण नव्हती. माझे नवे बंद नट आतून कमी खोल.

खात्री करायला स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेतला. नटात बोराएवढी कणीक दाबायची, नट शेवटपर्यंत लावायचा, काढायचा आणि बुडाशी किती कणीक उरली ते काडीने मोजायचं. अलॉयवर चार मिलिमीटर उरली. लोखंडी रिमवर कागदासारखी पातळ पापडी, मधे फाटलेली. "पोळ्यांच्या कणकेत ग्रीसचा हात घातलात?" नव्हता घातला. चमच्याने काढली होती.

ते चार नट फेकून दिले. एकाच्या बुडाला केसाएवढी चीर गेली होती.

विचार करा, घाटात रात्री स्टेपनी लावली असती, चारही नट दणदणीत कसले असते आणि निघालो असतो.

११ ऑगस्ट

मनात आलं होतं की अलॉयवर हेच नट ठेवावेत आणि स्टेपनीसाठी चार उघडे नट पिशवीत घालून जॅकजवळ ठेवावेत. स्वस्तात काम. घरातून उत्तर आलं, "आणि त्या दिवशी गाडी मी चालवत असेन तर? मला काय स्वप्न पडणार पिशवीतले लावायचे म्हणून?" बरोबर आहे. ज्या गोष्टीसाठी चिठ्ठी लिहून ठेवावी लागते ती पावसात विसरलीच जाते.

कोल्हापूरला जायचंच होतं, तेव्हा शिवाजी उद्यमनगरात फिरलो. तिथे नट मागितला की माणूस आधी विचारतो, "नमुना आणलाय?" मी जुना नट, नवा नट आणि तोडलेल्या स्टडचा तुकडा, तिन्ही काउंटरवर मांडले. त्याने न मोजता एक लांब नट पुढे केला. मी व्हर्नियरची शेपटी आत घातली. आधी घेतलेल्या बंद नटात २२ मिलिमीटर खोली होती, यात २८. बैठक शंकू, हेक्स १९. एकसंध. ११५ रुपये. सोळा घेतले, १८४० झाले. आधीचे बारा नट त्याने परत घेतले नाहीत, घेणारही नव्हता.

घरी पुन्हा कणीक. लोखंडी रिमवर पाच मिलिमीटर उरली. स्टेपनी लावून, कसून, टायरला लाथ घालून बघितली. आवाज नाही. मग अलॉय चढवली आणि उरलेल्या तिन्ही चाकांचे नट बदलले, सगळे ११० वर. यावेळी दीड तासात झालं.

१ सप्टेंबर

तीन आठवड्यांत गाडी साठेक किलोमीटर फिरली. सगळे नट पुन्हा रेंचने तपासले. बारा जागेवरच टक्क. तीन जण किंचित हलले. नव्या स्टडवरचा मात्र पाव वेढा गेला. काकांनी आधीच सांगितलं होतं, नवा स्टड गाडी चालल्यावर थोडा आणखी रुततो. हे तपासणं टाळलं असतं तर गणपतीत मुंबईच्या सात जणांना घेऊन तोच नट सैल फिरला असता. आणखी शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघणार आहे.

हिशेब

चुकीच्या पिचचा वाया गेलेला एक नट ७०. कमी खोलीचे सोळा नट १४४०. बरोबरचे सोळा १८४०. टॉर्क रेंच २६५०. गोट्या ५७०. डाय आणि हँडल ३८०. दोन स्टड २४०. वायर ब्रश, तेल, पेपर ३१०. वॉशर ४०. एकूण ७५४०. यातले १८९० निव्वळ माझ्या घाईचे. वेळ साधारण सव्वीस तास, बहुतेक रविवार.

टायरवाल्याकडे गेलो होतो हवा भरायला. त्याला हात जोडून सांगितलंय, गन सोडवायला वापर, कसायला वापरू नकोस. तो "हो सर" म्हणाला, पण विश्वास नाही, म्हणून रेंच डिकीतच ठेवलाय. गाडी त्याच्याकडून घरी आली की नट मी स्वतः ढिले करतो आणि पुन्हा लावतो.

२० नंबरची गोटी आणि कॅनचा कापलेला पत्रा, दोन्ही डिकीत तसेच आहेत. परवा काकांच्या जावयाची गाडी अंगणात उभी होती. चमकणारे नट बघून सहज पाना लावला. एकावरही बसला नाही. पुढच्या रविवारी त्याला बोलावलंय, जुना नट खिशात घेऊनच ये म्हणून.